डावा चाटू

सर्व संबंधितांना, म्हणजे पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीचे समस्त रहिवासी, त्यांच्याकडे सुट्टीला आलेले पाहुणे आणि गच्चीवर वंशपरंपरागत हक्क सांगणारे कावळे यांना, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की आज पहाटेपासून बिबड्यांचा हंगाम सुरू झालेला आहे. पुढील सूचना मिळेपर्यंत कोणीही गच्चीवर क्रिकेट खेळू नये, जुन्या साड्या बोहारणीला देऊ नयेत, आणि ‘काहीतरी आंबलंय वाटतं’ असं नाक मुरडून म्हणू नये. ते आंबलेलंच आहे. ते आंबावंच लागतं. ज्यांना हा वास सोसत नसेल त्यांनी खुशाल पुण्याला भावाकडे जावं. त्यांच्या वाटच्या बिबड्या ठेवल्या जाणार नाहीत.

ही घोषणा मी आज सकाळी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभं राहून, पदर कमरेला खोचून, दवंडीवाल्याच्या आवाजात केली. वरच्या मंगलवहिनींनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या निवृत्त साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणजे दोन्हीकडून दाद मिळाली. गुडघे कुरकुरतात, केस पांढरे झाले, पण समोर प्रेक्षक दिसला की अजून माझ्या अंगात येतं. हा आजार वडिलांकडून आलेला आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

बिबडी म्हणजे आमच्या खानदेशातला ज्वारीचा पापड, एवढं ऐकलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, झालं, कळलं. काही कळलेलं नसतं. ज्वारी भिजत घालायची ती चांगली आंबट होईपर्यंत. मग धुऊन, सावलीत वाळवून, भरडून आणायची. पहाटे मोठ्या तपेल्यात पाणी उकळायचं, त्यात तीळ, जिरं, मीठ, लसूण, आणि मग ते भरडलेलं पीठ. त्या शिजणाऱ्या लगद्याला घाटा म्हणतात. घाटा हा पदार्थ नव्हे, स्वभाव आहे. तो फुसफुसतो, उसळतो, अंगावर थुंकतो, आणि जरा कोणाशी बोलायला मान वळवली की गुपचूप तळाला जाऊन करपतो. त्याला आवरायला वल्ह्यासारखा लांब लाकडी चाटू लागतो. तो अखंड फिरता ठेवायचा, तळ खरवडत. घाटा झाला की गरम गोळे ओल्या फडक्यावर थापायचे आणि फडकं पालथं करून बिबडी उन्हात अंथरलेल्या जुन्या साडीवर सोडायची. मध्येच एका वाटीत ऊन ऊन घाटा घ्यायचा, त्यावर कच्चं तेल ओतायचं आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून जीभ भाजून घ्यायची. हा यातला मुख्य विधी.

तर यंदा माझा चाटू मोडला. नवा घ्यायला मी बाजारात गेले. दुकानदारानं पोत्यातून चाटूंचा भारा काढून समोर टाकला. सगळे एका मापाचे, एका रंगाचे, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे सरळ. मी एक उचलला, उलटसुलट केला आणि विचारलं, “भाऊ, हा कोणत्या हाताचा?”

तो म्हणाला, “ताई, चाटूला कुठं हात असतो? मशीनवरचा माल आहे. कोणत्याही हातानं फिरवा.”

मी तिथेच उभी राहिले. मागच्या बाई म्हणाल्या, घ्यायचं नसेल तर सरका. दुकानदाराला वाटलं मी भाव पाडायला रुसून दाखवतेय. मी रुसले नव्हते. मला एवढंच वाटत होतं की असला चाटू माझ्या बहिणीच्या वेळेला का नव्हता. आणि लगेच वाटलं, नव्हता तेच बरं.

माझे वडील, नाना, नशिराबादला पिठाची गिरणी चालवत. चैत्र लागला की गिरणीसमोर बिबड्यांच्या ज्वारीचे डबे रांगेत लागत आणि नेमकी तेव्हाच लाईट जाई. त्या वर्षांत लाईट ही पाहुण्यासारखी होती. येईल तेव्हा येई, बसली तर बसे. पट्टा थांबला, जातं मुकं झालं, की नाना भुवयांवरचं पीठ तसंच ठेवून ओट्यावर येत, पोत्याखालून वाकस काढत आणि ओल्या लाकडाचा ओंडका पायात धरून बसत. वाकस म्हणजे सुताराचं तासायचं हत्यार. नाना सुतार नव्हते. हे त्यांना सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं.

डाव, उलथणी, चाटू, पीठ भरायची लाकडी सुपडी. ओलं लाकूड काकडीसारखं कापलं जाई. पातळ ढलप्या उडत, त्यांचा गोडसर, पाणेरी वास पिठाच्या गरम वासात मिसळे. लोहाराकडून वाकवून आणलेल्या पटाशीनं डावाची वाटी कोरायची, फुटक्या काचेनं खरवडून गुळगुळीत करायची, आणि मग ती वस्तू गिरणीच्या कोपऱ्यातल्या कोंड्याच्या ढिगात पुरून ठेवायची. उघड्यावर ओलं लाकूड भराभर सुकतं आणि तडकतं. कोंड्यात ते हळूहळू, कोणाला न कळता वाळतं. आमच्या गिरणीत कोंडा उपसताना कुठून कोणता डाव वर येईल सांगता येत नसे. एकदा एका बाईच्या डब्यात पिठाबरोबर उलथणं गेलं. नाना म्हणाले, “ठेवा. गिरणीकडून भेट.”

आणि हे सगळं करताना बोलणं! समोर दळणवाल्या बाया बसलेल्या, पळायला जागा नाही, असे प्रेक्षक नाटकवाल्यांना मिळत नाहीत. वाकस हवेत धरून नाना सांगत, “ओलं आहे तोवर लाकूड ऐकतं. वाळलं की तेच आपल्याला ऐकवतं.” आपलं काही चुकलं हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. एका वर्षी त्यांनी ओल्या कडुनिंबाचा चाटू केला आणि तो सगळ्या गल्लीत फिरला. सगळ्या गल्लीच्या बिबड्या कडू. बाया भांडायला आल्या. नाना ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, “पाडव्याला निंब खाता ना? मग! यंदा पाडवा वर्षभर पुरेल असा केला.” एखादा डाव वाकडा झाला तर म्हणत, “वाकडा नाही तो. तुमची आमटी सरळ आहे.”

या माणसाची थोरली मुलगी, माझी अक्का, डावखुरी होती.

अक्का चिंचेला दगड मारायची डाव्या हातानं, रांगोळी काढायची डाव्या हातानं, आणि तिची चापट कोणत्या गालावर येणार याचा मला शेवटपर्यंत अंदाज आला नाही. आईनं तिच्या डाव्या मनगटाला ओढणी बांधून पाहिली. अक्कानं दातांनी गाठ सोडली आणि ओढणी नीट घडी करून आईला परत दिली, अर्थात डाव्या हातानं. घरात ते चालून जाई. आमच्या घरातला जुना चाटू आईच्या उजव्या आणि अक्काच्या डाव्या हाताखाली दोन्हीकडून झिजून बोथट झाला होता, कोणालाच तक्रार नव्हती. पाहुणे आले की मात्र आई डोळे मोठे करी आणि अक्का पोह्यांची बशी उजव्या हातात घेई. ती बशी अशी थरथरे की पाहुण्यांना वाटे, मुलगी लाजतेय.

आपली मराठी भाषा डाव्या माणसांवर का एवढी रागावलेली आहे, कोणास ठाऊक. बाजूला सारलं म्हणजे डावललं. अन्याय केला म्हणजे डावं-उजवं केलं. आणि मुलीचं लग्न करून दिलं की म्हणायचं, उजवली. आमच्या घरात एक डावी होती आणि तिला उजवायची होती. आईची झोप उडाली होती ती या एका क्रियापदानं.

लग्न ठरलं साक्रीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या गावात. रुखवतात मांडायला नानांनी लाकडी वस्तूंचा संच करायला घेतला. चाटूची पाळी आली तेव्हा आई गिरणीत आली. तिथे ती सहसा यायची नाही. म्हणाली, “उजव्या हाताचा करा. लाकूड वळवता ना एवढं? तिचा हातही वळवा. सासरी हसं नको.”

चाटूचं टोक सरळ नसतं. तपेल्याचा तळ गोल, म्हणून टोक एका अंगानं तिरकं कापतात. उजव्या हातासाठी एकीकडे तिरकं, डाव्यासाठी उलट. चुकीच्या हातात दिला तर चाटूचं टोक तळावरून उचललं जातं. वर घाटा छान फिरताना दिसतो आणि खाली करपत राहतो.

नानांनी उजव्या हाताचा केला. सुंदर झाला होता. त्यांच्या हातून झालेली ती बहुधा सगळ्यात सरळ वस्तू. रुखवत मांडताना अक्कानं तो उचलला, डाव्या हातात धरून हवेत एक फेरा घेतला आणि म्हणाली, “नाना, हा माझा नाही.”

“सासरचा आहे,” नाना म्हणाले, आणि सगळे हसले. अक्काही हसली. मग तिनं तो चिवड्याच्या डब्याशेजारी नीट मांडून ठेवला.

आता आखाजी. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि खानदेशातल्या सासुरवाशिणींचं सगळं वर्ष या सणाकडे तोंड करून उभं असतं. निंबाला, चिंचेला झोके बांधतात, लेकी माहेरी येतात. पण आपल्या पायानं येत नाहीत; माहेरचं कोणीतरी मुराळी होऊन त्यांना आणायला जातं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला नाना मुराळी झाले आणि मला बरोबर घेतलं. मी तेव्हा जळगावला कॉलेजात होते. दोन बस बदलून, उन्हानं रापून आम्ही पोचलो. पुढे डोंगर, त्यावर पानं गळालेलं जंगल, आणि बोली अशी की आमच्या कानाला ती गुजरातीची मावसबहीण वाटे. आपण म्हणतो ‘आहे’, ते म्हणतात ‘शे’. अक्काच्या सासूला सगळं गाव मोठमाय म्हणे. त्या बोलीत मोठमाय म्हणजे आजी. मोठमायनं पाणी दिलं, गूळ दिला आणि बजावलं, “बिबड्या बाकी शेतस, याही. त्या व्हई जाऊ द्या, मंग लई जा तुमनी पोरले.” याही म्हणजे व्याही. नाना म्हणाले, “होऊ द्या बाई. आम्हाला कुठं घाई?” त्यांना घाई होती. गिरणी बंद ठेवून आले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अंगणात चूल पेटली. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ कडाकडा वाजत होता. नाना खाटेवर चहाची बशी फुंकत बसले होते. अक्का चुलीपाशी, हातात रुखवतातला तो चाटू, उजव्या हातात. तिचा खांदा वर चढलेला, कोपर अंगाला चिकटलेलं, सगळं अंग त्या हाताच्या मागे धावत होतं आणि हात पुढे जात नव्हता.

“आवं, खालेथून खरवड! करपी राहिनं ते!” मोठमाय ओरडली.

करपल्याचा वास आलाच. अक्कानं घाबरून चाटू बदलला. तिनं बदलला असं म्हणणं बरोबर नाही. तो आपोआपच डाव्या हातात गेला, उतारावर पाणी जावं तसा. त्या हातानं फेरा अर्थातच उलट्या दिशेनं पडला. मोठमाय उठून धावली आणि तिनं अक्काचं मनगट धरलं.

“उल्टा फेरा नको! उल्टा फेरा मयतले लेतस! कितलांदाव सांगं तुले! तुना हात मनं आयकतच नही!”

उलटा फेरा मयताला घेतात, किती वेळा सांगू, तुझा हात माझं ऐकतच नाही. मोठमाय दुष्ट नव्हती, हे मला थोड्याच वेळात कळलं. बिबड्या थापता थापता अक्कानं हळूच सांगितलं. मोठमायचा धाकटा मुलगा असाच बिबड्यांच्या दिवसांत विहिरीवर गेला आणि परत आला नाही. तपेलं चुलीवर असताना लोक सांगत आले. त्या पहाटे घाईघाईत आपल्याकडून उलटा फेरा पडला होता, असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि ते मनातून काढणारं कोणी नव्हतं. “माझ्यावर रागावत नाहीत गं त्या,” अक्का म्हणाली. “घाबरतात.” आणि फडक्यावरचा घाटा बोटांनी पसरत, खाली मान घालून, “पण करपतं ना सगळं. रोज करपतं. मग म्हणतात, हिच्या हाताला चवच नाही.”

तिच्या आवाजात रडू नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. नाना खाटेवर होते, फार लांब नव्हते. नानांच्या हातातला चहा निवत गेला. मग त्यांनी बशी खाली ठेवली, अंगणाच्या कडेला मांडवासाठी तोडून टाकलेल्या शिवणीच्या फांद्या पाहिल्या, त्यातली एक ओली, जाड फांदी पायानं लोटली आणि म्हणाले, “बाई, घरात वाकस आहे का?”

मोठमाय म्हणाली, “वल्लं लाकूड शे, याही. वल्लं लाकूड फाटस.”

“मी फाटू देणार नाही. ओलं आहे तोवर ते ऐकतं.”

“मंग मनी सूनले बी तासा ना जरासं!”

थापणाऱ्या सगळ्या बाया हसल्या. अक्काही हसली. नाना हसले नाहीत. एरवी हा चेंडू त्यांनी असा टोलवला असता की अंगण दुमदुमलं असतं. ते खाली मान घालून तासत राहिले. शिवणीचं लाकूड फिकट, साईच्या रंगाचं असतं. ढलप्या त्यांच्या मांडीवर, खाटेखाली, कोंबड्यांच्या पुढ्यात पडत होत्या. समोर एवढे प्रेक्षक असून नाना गप्प आहेत, हे दृश्य मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ऊन चढलं. दांडा झाला, पातं झालं. शेवटी टोक राहिलं. नानांनी वाकस उचलला, एकवार अक्काकडे पाहिलं आणि टोक कापलं. उलट बाजूनं.

मोठमायनं चाटू हातात घेतला, फिरवला, डोळे बारीक केले. “हाऊ तिरपा व्हयना, याही. उल्टा तिरपा.”

मला वाटलं, आता नाना म्हणणार, चाटू बरोबर आहे, तुमचं तपेलं उलटं आहे. नानांनी चाटू परत घेतला, हात लांब करून न्याहाळला, आणि जन्मात कोणापुढे न झुकलेली ती मान झुकली.

“हात चुकला, बाई,” ते म्हणाले. “वय झालं. आता अजून तासायला गेलो तर लाकूडच उरायचं नाही. आहे तस्सा चालवून घ्या.”

अक्काचा हात थांबला. घाटा उसळून तिच्या मनगटावर उडाला आणि तिला कळलंही नाही. मी आईची, देवाची, कोणाचीही शपथ घेऊन सांगते, नानांनी आयुष्यात कबूल केलेली चूक ही एवढीच. आणि ती त्यांनी केलेलीच नव्हती.

“ज्वारीच्या कणगीत पुरून ठेव,” त्यांनी अक्काला सांगितलं. “वाळेल सावकाश. पुढच्या सालाला काढ.”

ती आखाजी. मला अजून सगळ्यात आधी दिसतो तो झोका. नशिराबादच्या वेशीबाहेरचं निंबाचं झाड, मोहोराचा कडवट वास, आणि अक्का उभ्यानं झोका चढवतेय, डावा हात दोरावर वर, उजवा खाली, पदर कमरेला, पायातलं पैंजण ऊन पकडतंय आणि सोडतंय. झोका मागे गेला की तिचा चेहरा पानांत बुडे आणि पुढे आला की हसत येई. नाना गिरणीच्या ओट्यावरून बघत होते. लाईट गेलेली होती. हातात वाकस नव्हता. मी म्हटलं, “नाना, आज काही करत नाही?” ते म्हणाले, “करून आलो.”

पुढच्या चैत्रात अक्कानं कणगीतून चाटू काढला, त्याला तेल चोळलं आणि मोठमायला साळसूदपणे सांगितलं, “मी काय करू मोठमाय, चाटूच असला. उजव्या हातात चालतच नाही.” मोठमायनं उजव्या हातात धरून पाहिला, खरंच चालेना. मग तिनं चुलीला घाट्याचा पहिला घास टाकला, कोणाची तरी माफी मागितल्यासारखे हात जोडले आणि चुलीकडे पाठ करून बसली. “तुना बापले पीठ दयता येस, चाटू करता येत नही!” एवढं मात्र मोठ्यानं म्हणाली. त्या वर्षी घाटा करपला नाही. नंतरही कधी नाही. वास्तविक घरात रुखवतातला सरळ चाटू भिंतीला टांगलेला होता. पण त्याची आठवण कोणी काढली नाही, आणि दोष सगळा नशिराबादच्या गिरणीवाल्यावर गेला.

दर आखाजीला आली की अक्का पहिल्यांदा ओट्यावर जाऊन जाहीर करी, “नाना, तुमची अब्रू गेली हो. पार साक्रीच्या बाजारापर्यंत गेली. आमच्याकडे बैलगाडीचं चाक वाकडं झालं तरी म्हणतात, नशिराबादच्या याह्यानं केलं वाटतं!” नाना इतके हसत की भुवयांवरचं पीठ गालांवर यायचं. दळणवाल्या बायांना वाटे, आपल्याला न कळलेला काहीतरी मोठा विनोद आहे. होताच. तो आम्हा तिघांतच होता. आईलासुद्धा सांगितलेला नव्हता.

मग एका पावसाळ्यात अक्का गेली. कावीळ झाली म्हणाले. आधी अंगावर काढलं, मग झाडपाला केला, मग धुळ्याला नेलं, तोवर उशीर झाला होता. तिची लेक नुकती शाळेत जायला लागली होती.

मी लोकांना हसवते, नकला करते, प्रत्येकाचा आवाज काढून दाखवते. अक्काचा आवाज मी कधी काढत नाही. येत नाही असं नाही.

त्यानंतरच्या चैत्रात गिरणीपुढे डबे लागले, लाईट गेली, नाना ओट्यावर आले आणि नुसते बसले. तळहात मांडीवर उताणे. कोणीतरी मुद्दाम त्यांच्यासाठी आंब्याची ताजी फांदी आणली, चीक गळत होता. नानांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिली. “वाळलंय,” म्हणाले. कोंड्याच्या ढिगात तेव्हा अजून दोन-तीन डाव पुरलेले असतील. ते उकरायला कोणी गेलं नाही.

आखाजी जवळ आली तसे नाना अस्वस्थ झाले. एका सकाळी धुतलेला सदरा घालून दारात उभे. “मुराळी जायचंय.”

आई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच राहिला. “कोणाला आणायला?”

“नात आहे ना.”

मी बरोबर गेले. बसमध्ये खिडकीतून तोच रापलेला डोंगर दिसायला लागला तसे नाना माझ्याकडे न पाहता बोलायला लागले. “सांगून टाकतो आज. म्हणतो, बाई, माझा हात चुकला नव्हता. मी मुद्दाम केला तो डावा. माझ्या नावानं अजून काय बोटं मोडायची ती मोडा. पण तिच्या हातात काही वाईट नव्हतं. एवढं त्यांना कळलं पाहिजे.” थोड्या वेळानं म्हणाले, “नाहीतर त्यांच्या मनात राहील, उलटे फेरे घेतले म्हणून गेली. त्या पोरीलाही तेच सांगतील.”

त्यांनी ते वाक्य पाठ केलं. मी पाहिलं, ओठ हलत होते. आयुष्यभर वाकस हवेत धरून न अडखळता बोललेला माणूस.

अंगणाच्या फाटकाशी आम्ही पोचलो तेव्हा करपल्याचा वास आला. चूल पेटलेली होती. मोठमाय एकटीच तपेल्यापुढे, वाकून अर्धी झालेली. नात साडीच्या कडांवर दगड ठेवत होती. भिंतीला रुखवतातला सरळ चाटू टांगलेला होता, नव्यासारखा, पिवळाधमक. मोठमायच्या हातात दुसरा होता. तो आता काळपट, झिजलेला. त्याच्या दांड्यावर एक खळगा पडला होता, अंगठ्याएवढा, उजव्या हाताचा अंगठा कधी पोचणार नाही अशा जागी.

मोठमाय तो उजव्या हातानं फिरवत होती. टोक तळावरून उचललं जात होतं. तिनं पकड बदलली, पुन्हा जोर केला, पुन्हा उचललं गेलं. वास वाढला. मग तिनं भिंतीकडे पाहिलं, सरळ चाटूकडे. पाहिलं, एवढंच. उठली नाही. पदरानं नाक पुसलं आणि चाटू डाव्या हातात घेतला. खळग्यात अंगठा बसवला. पहिला फेरा पडला, उलटा. दुसरा पडला. घाटा तळापासून सुटला आणि फुसफुसत वर आला.

नाना फाटक ढकलून आत गेले. चप्पलसुद्धा काढली नाही. “याहीन,” ते म्हणाले, “तो चाटू मी मुद्दाम—”

मोठमायनं वळून पाहिलं. डोळे लाल, धुरानं म्हणा. या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही, फेरा थांबवला नाही. तिथूनच ओरडली,

“मरी गयी तरी तिना हात मनं आयकत नही!”